रीबिल्ड केलेले पॅकेज कधी प्रसिद्ध करावे: नव्या मेंटेनरसाठी मार्गदर्शक

लिनक्स वितरणात पहिल्यांदाच पॅकेजची जबाबदारी घेतलेल्या मेंटेनरला नवी आवृत्ती कधी आणायची हे फारसे शिकवावे लागत नाही, कारण मूळ प्रकल्पाने नवी आवृत्ती काढली की काम आपोआप समोर येते. गोंधळ उडतो तो रीबिल्डच्या वेळी. मूळ सोर्स तोच असतो, आवृत्तीचा आकडा तोच असतो, स्पेक फाइलमध्ये (पॅकेज कसे बांधायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) रिलीज क्रमांकाखेरीज काहीही बदललेले नसते, आणि तरीही कधी ते पॅकेज पुन्हा बांधून वापरकर्त्यांपर्यंत ताबडतोब पोचवणे भाग असते, तर कधी बांधून झालेले पॅकेजही पुढे पाठवायचे नसते. या दोन्ही बाजूंनी चुका होतात. हा लेख मुख्यतः फेडोरा या लिनक्स वितरणाची कार्यपद्धती धरून लिहिला आहे. डेबियन आणि आर्च यांच्या पद्धती जिथे वेगळ्या आहेत तेवढ्यापुरते त्यांचे वेगळे टिपण शेवटी दिले आहे.

निर्णयाची कसोटी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकतो. वापरकर्त्याच्या यंत्रावर आज असलेली बायनरी (बांधून तयार झालेली, चालवता येणारी फाइल) होऊ घातलेल्या बदलानंतर चालेल का, आणि चालली तरी ती सुरक्षित राहील का, एवढेच विचारावे. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर रीबिल्ड स्वतंत्रपणे प्रसिद्ध करण्याचे कारण उरत नाही. एकाचे जरी नकारार्थी असेल तर ते प्रसिद्ध करावेच लागते, आणि ज्या बदलामुळे त्याची गरज पडली त्या बदलाच्या सोबतच करावे लागते.

रीबिल्डची गरज कुठून येते

उदाहरणासाठी आयसीयू ही लायब्ररी घेऊ. युनिकोड मजकुराची क्रमवारी, दिनांक आणि आकडे लिहिण्याच्या स्थानिक पद्धती, शब्दांच्या सीमा ओळखणे ही कामे ती करते. मराठी नावे अकारविल्हे लावण्याचे नियमही तिच्यातूनच अनेक कार्यक्रमांना मिळतात. तिची मुख्य आवृत्ती साधारणपणे वर्षातून दोनदा येते: ७४ ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, ७५ एप्रिल २०२४ मध्ये आणि ७६ ऑक्टोबर २०२४ मध्ये. प्रत्येक मुख्य आवृत्तीसोबत लायब्ररीचे सोनेम बदलते, म्हणजे लिबआयसीयूयूसी.एसओ.७३ च्या जागी लिबआयसीयूयूसी.एसओ.७४ येते. सोनेम म्हणजे लायब्ररीने आपल्या बायनरी करारावर लिहिलेले नाव होय. लिब्रेऑफिस बांधताना लिंकरने (कार्यक्रम लायब्ररीशी जोडणाऱ्या साधनाने) '७३' हे नाव पाहिले असेल, तर तयार झालेली बायनरी सुरू होताना नेमके तेच नाव शोधते आणि ते न सापडल्यास सुरूच होत नाही. आयसीयू तर आणखी एक पाऊल पुढे जाऊन आपल्या फंक्शनांच्या नावांनाही आवृत्तीचा आकडा जोडते, त्यामुळे सोर्समधले यू_स्ट्रलेन बायनरीत यू_स्ट्रलेन_७३ होऊन बसते. जुन्या नावाने नव्या फाइलकडे बोट दाखवणारा सिमलिंक करून वेळ मारून नेण्याची युक्ती नवखे लोक हमखास सुचवतात. ती इथे चालत नाही हे बरेच आहे.

फेडोराची आरपीएम ही पॅकेज प्रणाली हे सोनेम पॅकेजच्या माहितीत नोंदवून ठेवते. त्यामुळे जुन्या आयसीयूवर बांधलेले प्रत्येक पॅकेज 'मला लिबआयसीयूयूसी.एसओ.७३ हवे' असे जाहीरपणे सांगत असते, आणि आपल्या पुढच्या सगळ्या कामाचा आधार हीच नोंद असते.

पायरी १: रीबिल्ड खरोखर लागते का

सोनेम बदलले असेल तर चर्चेला जागा नाही. अवलंबून असलेले प्रत्येक पॅकेज पुन्हा बांधावे लागते. पण सोनेम तेच राहिले आणि लायब्ररीत केवळ दोष दुरुस्त झाला असेल, तर तिला गतिकरीत्या जोडलेल्या, म्हणजे सुरू होताना तिला उचलणाऱ्या, पॅकेजांना हात लावण्याची गरज नसते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड दोष उघड झाला तेव्हा लायब्ररीचे दुरुस्त पॅकेज बसवून संबंधित सेवा पुन्हा सुरू करणे पुरेसे होते, कारण वेब सर्व्हर आणि मेल सर्व्हर लायब्ररी स्मृतीत नव्याने उचलणार होते. अशा प्रसंगी 'खबरदारी म्हणून' शंभर पॅकेजेस पुन्हा बांधणे म्हणजे लोकांना निष्कारण शेकडो मेगाबाइट उतरवायला लावणे होय. डाउनलोडचा खर्च मेंटेनरच्या खिशातून जात नाही म्हणून तो नसतो असे नाही.

स्थिर लिंकिंगची, म्हणजे लायब्ररीचा कोड बायनरीतच भरून टाकण्याची, गोष्ट अगदी उलट आहे. गो भाषेतील कार्यक्रमात प्रमाण लायब्ररी आणि इतर सर्व मॉड्यूल बायनरीतच सामावलेले असतात, आणि रस्ट भाषेतही क्रेट (तिच्या लायब्रऱ्या) तसेच आत जातात. गोच्या प्रमाण लायब्ररीतील सुरक्षा दोष दुरुस्त करून कंपायलरचे नवे पॅकेज प्रसिद्ध केले तरी आधी बांधलेल्या एकाही कार्यक्रमात ती दुरुस्ती उतरत नाही. हे स्वतः पाहायचे असेल तर 'गो व्हर्जन' या आज्ञेला बसवलेल्या बायनरीचा मार्ग द्यावा. ती बायनरी गोच्या कोणत्या आवृत्तीने बांधली होती ते एका ओळीत छापून येते. कंपायलर नवा आणि छापलेला आकडा जुना, असे दिसले की रीबिल्ड लागणार हे ठरले. मात्र प्रत्येक दोष प्रत्येक कार्यक्रमाला लागू होत नाही. दोषपूर्ण फंक्शनपर्यंत आपला कार्यक्रम खरोखर पोचतो का हे गोव्हल्नचेक हे साधन तपासून सांगते, आणि पोचत नसेल तर स्थिर शाखेत (वापरकर्त्यांसाठी प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत) घाई करण्याचे कारण नाही. केवळ हेडर फाइलींतून वापरल्या जाणाऱ्या सीप्लसप्लस लायब्रऱ्यांनाही हाच न्याय लागू होतो, कारण त्यांचा कोड बांधणीच्या क्षणी आपल्या बायनरीत उतरतो आणि तिथेच राहतो.

तिसरा प्रकार फसवा आहे. सोनेम तेच असते, आरपीएमला काहीच खटकत नाही, पण लायब्ररीच्या एखाद्या स्ट्रक्चरमध्ये मधोमध नवे क्षेत्र घातलेले असते किंवा एखादे फंक्शन गुपचूप काढून टाकलेले असते. कार्यक्रम बसतो, सुरू होतो आणि मध्येच कोसळतो. लायब्ररी आपली असेल तर प्रसिद्ध करण्यापूर्वी लिबअ‍ॅबिगेल संचातील एबीआयडिफ चालवून जुनी आणि नवी बायनरी ताडून पाहण्याची सवय लावून घ्यावी. असा बदल आढळल्यास रीबिल्डकडे धावण्याआधी मूळ प्रकल्पाला कळवून सोनेम बदलायला लावणे किंवा बदल मागे घ्यायला लावणे हाच योग्य मार्ग आहे, कारण आपण वितरणातील सगळी पॅकेजेस पुन्हा बांधू शकतो, परंतु लोकांनी आपापल्या यंत्रांवर स्वतः बांधलेले कार्यक्रम आपल्याला दिसतही नाहीत.

क्यूटीच्या खासगी हेडरांवर बांधलेली पॅकेजेस, पायथनच्या मालिकेला बांधलेली विस्तार मॉड्यूल्स, पर्लच्या आवृत्तीशी जखडलेली मॉड्यूल्स यांना आपापल्या आधाराची नवी मालिका आली की रीबिल्ड लागतेच. त्यांचे वेळापत्रक बहुधा त्या भाषेचा गट ठरवतो आणि आपण त्यात सामील व्हायचे असते.

आणि कशाने लागत नाही? वर्णनातील शुद्धलेखन सुधारले, परवान्याचे नाव नव्या पद्धतीने लिहिले, स्पेक फाइल नीटनेटकी केली, तर तो बदल गिटमध्ये जमा करावा आणि तिथेच थांबावे. पुढच्या खऱ्या अपडेटसोबत तो आपोआप जाईल. लोहित देवनागरीसारखे फॉन्टचे पॅकेज तर आर्किटेक्चरनिरपेक्ष असते, त्यात बायनरी नसतेच, त्यामुळे कंपायलर बदलला काय किंवा आयसीयू बदलली काय, त्याला फरक पडत नाही. कंपायलरच्या नव्या पर्यायांसाठीही स्थिर शाखेत वेगळे रीबिल्ड करू नये. फेडोरा ३८ मध्ये फ्रेम पॉइंटर राखण्याचा पर्याय सर्वत्र लागू झाला तो सामूहिक रीबिल्डमधून, म्हणजे सगळी पॅकेजेस एकदम पुन्हा बांधण्याच्या फेरीतून, आणि हे काम तसेच व्हायला हवे. फेडोरात साधारणपणे जानेवारी आणि जुलैच्या सुमारास हे सामूहिक रीबिल्ड होते. ते दोन-तीन आठवड्यांवर आले असताना केवळ पर्यायांसाठी स्वतःहून पॅकेज बांधणे म्हणजे यंत्रांचा आणि आपला वेळ दोनदा खर्च करणे.

पायरी २: कोणकोणती पॅकेजेस अवलंबून आहेत

ही यादी अंदाजाने करू नये. डीएनएफ या पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाच्या रेपोक्वेरी आज्ञेला 'व्हॉटरिक्वायर्स' हा पर्याय आणि लायब्ररीचे पूर्ण सोनेम द्यावे, शेवटच्या कंसांसह आणि ६४-बिटच्या खुणेसह, कारण आपल्याला नेमके त्याच सोनेमवर बांधलेली पॅकेजेस हवी असतात. मिळालेल्या बायनरी पॅकेजांवरून सोर्स पॅकेजांची नावे काढावीत आणि द्विरुक्ती वगळावी. आयसीयूसाठी हा प्रयोग केल्यास बूस्ट, क्यूटी, हार्फबझचा आयसीयू भाग, लिब्रेऑफिस, पोस्टग्रेएसक्यूएल अशी जड नावे यादीत दिसतात, आणि नवख्या मेंटेनरला इथेच पहिल्यांदा कळते की एका लायब्ररीचा एक आकडा किती घरांत जाऊन पोचलेला असतो.

स्थिर लिंकिंगच्या भाषांसाठी मात्र बायनरीच्या नोंदी पुरत नाहीत. तिथे सोर्स रेपॉझिटरीवर बांधणीच्या गरजा विचाराव्या लागतात आणि मधल्या क्रेटमधून एक-एक पायरी वर जात शेवटच्या कार्यक्रमांपर्यंत पोचावे लागते.

पायरी ३: कोणत्या शाखेत

रॉहाइड ही विकासाची शाखा आहे आणि सोनेम बदलणाऱ्या आवृत्त्या तिथेच आणायच्या असतात. तिथेही किमान एक आठवडा आधी अवलंबून असलेल्या पॅकेजांच्या मेंटेनरांना कळवण्याचा नियम आहे, आणि तो केवळ शिष्टाचाराचा भाग नाही: त्या आठवड्यात कुणीतरी 'माझे पॅकेज नव्या आवृत्तीवर बांधले जात नाही, दुरुस्ती तयार आहे' असे सांगतो आणि आपले दोन दिवस वाचतात.

प्रसिद्ध झालेल्या स्थिर शाखेत सोनेम बदलणारे अपडेट आणू नये. वितरणाच्या नियमांतही याला तीव्र प्रतिकूलता आहे, पण नियमाबरोबर कारणही माहीत असावे म्हणून आयसीयूचेच उदाहरण पुढे नेतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून आयसीयूची क्रमवारी वापरता येते. समजा एखाद्या वाचनालयाने सभासदांच्या मराठी नावांवर ती क्रमवारी लावून इंडेक्स केला आहे. आपण स्थिर शाखेत नवी आयसीयू आणून पोस्टग्रेएसक्यूएल पुन्हा बांधले, तर सर्व्हर व्यवस्थित सुरू होईल, परंतु इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला आणि शोध नव्या नियमाने चाललेला अशी अवस्था येऊ शकते. पोस्टग्रेएसक्यूएल क्रमवारीची आवृत्ती जुळत नसल्याची सूचना देते. इंडेक्स पुन्हा बांधून मग क्रमवारीची नोंद ताजी करावी लागते. ती सूचना लॉगमध्ये पडून राहिली, तर यादीत असलेला सभासद शोधून सापडत नाही असा प्रकार घडू शकतो. रीबिल्ड तांत्रिकदृष्ट्या अचूक असूनही ते त्या शाखेत चुकीचे ठरते ते असे. वितरणाची नवी आवृत्ती घेताना लोक अशा कामाची तयारी ठेवतात, मंगळवारच्या साध्या अपडेटला ठेवत नाहीत.

सुरक्षा दुरुस्ती नव्या सोनेमखेरीज उपलब्धच नसेल, तर आधी दुरुस्तीचा पॅच जुन्या आवृत्तीवर बसवता येतो का ते पाहावे. तेही अशक्य असल्यास स्थिर शाखेत रीबिल्डांसह बदल आणावा लागतो, आणि मग पुढच्या पायऱ्या दुप्पट काळजीने कराव्या लागतात.

पायरी ४: साइड टॅगमध्ये बांधणे

फेडोरात बांधणीचे काम कोजी ही प्रणाली करते. मुख्य टॅगमध्ये (बांधण्यांच्या सामायिक यादीत) लायब्ररी बांधली की ती लगेच सर्वांच्या बिल्डरूटमध्ये (पॅकेजेस ज्या वातावरणात बांधली जातात त्यात) येते, आणि मग आपण शेवटचे पॅकेज बांधेपर्यंत इतरांच्या बांधण्या मोडत राहतात. म्हणून फेडपीकेजी या साधनाने साइड टॅग मागून घ्यावा, म्हणजे आपल्या कामापुरते वेगळे अंगण मिळते. त्यात प्रथम लायब्ररी बांधावी, कोजीच्या 'वेट-रेपो' आज्ञेने रेपॉझिटरी ताजी होण्याची वाट पाहावी आणि मगच पुढचे पॅकेज बांधावे. वाट न पाहता लागोपाठ बांधण्या सोडल्या तर दुसरे पॅकेज जुन्याच लायब्ररीवर बांधले जाते, बांधणी हिरवी दिसते आणि उपयोग शून्य होतो.

क्रम अवलंबित्वाचा असतो: आयसीयू, मग बूस्ट, मग या दोन्हींवर उभी असलेली पॅकेजेस. दुसऱ्याच्या पॅकेजवर आपल्याला हक्क नसेल तर त्या मेंटेनरला विनंती करावी किंवा प्रूव्हनपॅकेजरची (इतरांच्या पॅकेजांवरही काम करण्याचा हक्क असलेल्या मेंटेनरची) मदत घ्यावी.

साइड टॅगचा एक सापळा अनुभवाशिवाय लक्षात येत नाही. आपले काम चार दिवस चालले असताना दुसऱ्या कुणी मुख्य टॅगमध्ये त्याच पॅकेजची नवी आवृत्ती बांधली, तर ती जुन्या आयसीयूवर बांधलेली असते. कोजी 'सर्वांत ताजे' ठरवताना आवृत्तीचा आकडा बघत नाही, टॅग कधी लागला ते बघते. त्यामुळे आपला साइड टॅग विलीन होताच आपले जुन्या आवृत्तीचे पॅकेज त्या नव्या आवृत्तीच्या डोक्यावर बसते आणि कुणाचे तरी काम नाहीसे झाल्यासारखे होते. विलीन करण्यापूर्वी यादीतील प्रत्येक पॅकेजची मुख्य टॅगमधील आवृत्ती तपासावी आणि पुढे गेलेली पॅकेजेस साइड टॅगमध्ये नव्या आवृत्तीने पुन्हा बांधावीत.

पायरी ५: रिलीज क्रमांक आणि नोंद

आवृत्ती बदलत नसल्यामुळे रिलीजचा आकडा वाढवावाच लागतो, नाहीतर कोजी बांधणी नाकारते. रॉहाइडमध्ये ३ चे ४ करावे. केवळ एका जुन्या शाखेत रीबिल्ड करायचे असेल तर मुख्य आकडा न वाढवता डिस्ट टॅगच्या (वितरणाची आवृत्ती सांगणाऱ्या 'एफसी३९' सारख्या खुणेच्या) पुढे बिंदू आणि १ जोडावा, म्हणजे ३.एफसी३९ चे ३.एफसी३९.१ होते. तसे न करता ४.एफसी३९ केले आणि फेडोरा ४० मध्ये ३.एफसी४० च असले, तर वितरण पुढच्या आवृत्तीवर नेताना जुनेच पॅकेज वरचढ ठरते. ज्यांची पॅकेजेस ऑटोरिलीज वापरतात त्यांचा आकडा गिटमधील कमिटांवरून ठरतो, त्यांनी निदान एक रिकामे कमिट करावे.

चेंजलॉगमध्ये 'रीबिल्ड' एवढाच शब्द लिहू नये. 'आयसीयू ७४ साठी रीबिल्ड' असे लिहिले की सहा महिन्यांनी दोष शोधणाऱ्याला दिशा मिळते.

पायरी ६: नवे पॅकेज जुन्याशी ताडून पाहणे

हे काम बहुतेक जण टाळतात, आणि 'सोर्स बदललेला नाही, मग पाहायचे काय' हा त्यामागचा युक्तिवाद असतो. सोर्स तोच असला तरी बिल्डरूट तो नसतो. मधल्या काळात कंपायलर बदललेला असतो, कॉन्फिगर स्क्रिप्टला एखादी ऐच्छिक लायब्ररी नव्याने सापडलेली असते किंवा पूर्वी सापडणारी आता सापडत नसते, आणि त्या सापडण्या-न सापडण्यावर पॅकेजमधली एखादी सोय गुपचूप येते किंवा जाते.

म्हणून जुन्या आणि नव्या आरपीएम फाइलींच्या गरजा, पुरवठा आणि फाइलींच्या याद्या काढून शेजारीशेजारी ठेवाव्यात. आयसीयूच्या रीबिल्डमध्ये ७३ च्या ओळी जाऊन ७४ च्या ओळी आलेल्या दिसाव्यात, आणि आदर्श स्थितीत दुसरे काहीच दिसू नये. जुनी ७३ ची ओळ अजून शिल्लक असेल तर बांधणी चुकीच्या बिल्डरूटमध्ये झाली आहे. जीलिबसी या सी भाषेच्या मूळ लायब्ररीच्या चिन्हांची (फंक्शनांच्या नावांची) नवी आवृत्ती मागणारी ओळ नव्याने दिसली, तर ते पॅकेज आता जुन्या जीलिबसीवर बसणार नाही हे ध्यानात घ्यावे. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या जीलिबसी २.३४ मध्ये थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि तेव्हापासून नुसते पुन्हा बांधलेले कितीतरी कार्यक्रम २.३४ मागू लागले. त्याच शाखेच्या वापरकर्त्याला याचा त्रास होत नाही, परंतु एका शाखेसाठी बांधलेले पॅकेज दुसरीकडे चालवून पाहणाऱ्याला होतो.

पायरी ७: सर्व काही एकाच अपडेटमध्ये

बोधी या अपडेटांची चाचणी आणि प्रसिद्धी सांभाळणाऱ्या प्रणालीत एका अपडेटमध्ये अनेक बांधण्या ठेवता येतात, आणि लायब्ररी व तिची सर्व रीबिल्ड पॅकेजेस एकाच अपडेटमध्ये ठेवणे हा या संपूर्ण लेखातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. साइड टॅगवरून अपडेट तयार केल्यास हे आपोआप घडते.

मी हे चुकून शिकलो. एका छोट्या लायब्ररीचे अपडेट मी स्थिर शाखेत पाठवले आणि बिल्डरूट ओव्हरराइड घेऊन (म्हणजे ती लायब्ररी तात्पुरती बिल्डरूटमध्ये आणून) तिच्यावरच्या दोन पॅकेजांचे रीबिल्ड दुसऱ्या, वेगळ्या अपडेटमध्ये ठेवले, कारण त्यातले एक पॅकेज दुसऱ्याचे होते आणि मला त्याच्या कामात लुडबुड नको होती. लायब्ररीच्या अपडेटला तीन जणांनी लगोलग पसंती दिली आणि ते आपोआप स्थिर रेपॉझिटरीत गेले. रीबिल्डच्या अपडेटकडे कुणाचे लक्ष गेले नाही, आणि ते चाचणीतच सात दिवस पुरे होण्याची वाट पाहत बसले. त्या दिवसांत ती पॅकेजेस नव्याने बसवू पाहणाऱ्यांना लायब्ररी मिळत नसल्याचा संदेश दिसत होता. पण ज्यांच्याकडे ती आधीच बसवलेली होती त्यांचे मला जास्त वाईट वाटते. त्यांच्या डीएनएफने 'अवलंबित्व मोडत असल्यामुळे वगळले' असे म्हणून लायब्ररीचे अपडेट शांतपणे बाजूला ठेवले. त्यांच्यासाठी काहीच मोडले नाही, म्हणून तक्रारही आली नाही, आणि लायब्ररीतील दुरुस्ती मात्र त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही.

सुट्या अपडेटचा खरा तोटा हा आहे. मोडलेले दिसते आणि लोक ओरडतात. अडकलेले दिसत नाही.

वेळेबद्दल सांगायचे तर स्थिर शाखेत सामान्य पॅकेजसाठी चाचणीचे सात दिवस किंवा पुरेशी पसंती हा नियम आहे. अनेक पॅकेजांच्या एकत्रित अपडेटमध्ये पसंतीवरून आपोआप पुढे जाण्याची सोय बंद ठेवावी असे माझे मत आहे, कारण पसंती देणाऱ्या तिघांनीही बहुधा त्यातले एकच पॅकेज वापरून पाहिलेले असते. अपडेटच्या वर्णनात कोणते पॅकेज कशासाठी पुन्हा बांधले ते लिहावे आणि चाचणी कशी करायची हेही सांगावे. रॉहाइडमध्ये सात दिवसांची ही वाट नसते. स्वयंचलित चाचण्या पार झाल्या की अपडेट आत जाते, त्यामुळे तिथे शुक्रवारी संध्याकाळी मोठा साइड टॅग विलीन करून घरी जाऊ नये.

बीटा आणि अंतिम प्रकाशनापूर्वी गोठवणीचा (नवे बदल थांबवण्याचा) काळ असतो. त्यात रीबिल्ड अडकले तर ते खरोखर प्रकाशन अडवणारे आहे का हे प्रामाणिकपणे ठरवावे. बहुतेक वेळा नसते, आणि ते प्रकाशनाच्या दिवशी अपडेट म्हणून मिळाले तरी चालते.

सुरक्षा दुरुस्तीची घाई

स्थिर लिंक केलेल्या कार्यक्रमांत सुरक्षा दुरुस्ती उतरवणारे रीबिल्ड हे स्वतः सुरक्षा अपडेट असते. बोधीत त्याचा प्रकार 'सुरक्षा' असाच निवडावा आणि सीव्हीई क्रमांक (सुरक्षा दोषाचा जाहीर नोंदणी क्रमांक) लिहावा. 'दोषदुरुस्ती' निवडल्यास केवळ सुरक्षा अपडेट घेणाऱ्या यंत्रांवर ते पोचत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रांच्या लायब्ररीमधील सीव्हीई-२०२३-४८६३ हा दोष जाहीर झाला तेव्हा वितरणाची लायब्ररी वापरणाऱ्या पॅकेजांना एका लायब्ररीच्या अपडेटने संरक्षण मिळाले, पण ज्यांनी स्वतःची प्रत आत बाळगली होती, विशेषतः क्रोमियम आणि इलेक्ट्रॉनवर उभे असलेले कार्यक्रम, त्यांना एकेक करून नव्याने प्रसिद्ध करावे लागले. आपल्या पॅकेजमध्ये आत दडवलेल्या प्रती कोणत्या आहेत हे 'बंडल्ड' अशा पुरवठ्याच्या नोंदीतून स्पेक फाइलमध्ये लिहून ठेवणे फेडोरात बंधनकारक आहे, आणि ती नोंद अशा दिवसासाठीच असते.

डेबियन आणि आर्च

डेबियनमध्ये सोर्स न बदलता केलेल्या रीबिल्डला बिनएनएमयू म्हणतात आणि बायनरीच्या आवृत्तीला 'अधिक बी१' असे शेपूट लागते. ते मेंटेनरने अपलोड करायचे नसते. प्रकाशन गटाकडे विनंती करायची असते. सोनेम बदलणारी लायब्ररी आधी एक्सपेरिमेंटल या प्रयोगाच्या शाखेत ठेवावी, अवलंबून असलेली पॅकेजेस तिच्यावर बांधून पाहावीत, संक्रमणाची (सर्व पॅकेजेस नव्या सोनेमवर नेण्याच्या कामाची) जागा मागावी, आणि परवानगी मिळाल्यावरच अनस्टेबल या विकासाच्या शाखेत पाठवावी. मग प्रकाशन गट रीबिल्ड लावतो आणि सगळा गट एकत्रच टेस्टिंग या पुढच्या शाखेत जातो. दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. सर्व आर्किटेक्चरांसाठी समान असलेल्या पॅकेजांना बिनएनएमयू करता येत नाही, त्यांना सोर्सचे नवे अपलोड लागते. आणि मल्टी-आर्च 'सेम' असलेले (दोन आर्किटेक्चरांसाठी एकाच यंत्रावर सोबत बसवता येणारे) पॅकेज एकाच आर्किटेक्चरवर पुन्हा बांधल्यास आवृत्त्या जुळत नाहीत व दोन्ही एकत्र बसत नाहीत, म्हणून ते सर्वत्र बांधावे लागते. गोठवणीच्या तारखा इथे कठोर असतात: बुकवर्म ही डेबियनची आवृत्ती १० जून २०२३ रोजी प्रसिद्ध झाली, पण संक्रमणे १२ जानेवारीलाच थांबली होती.

आर्चमध्ये पीकेजीरेल (तिथला रिलीज क्रमांक) एकने वाढवतात, सर्व रीबिल्ड स्टेजिंग या तात्पुरत्या रेपॉझिटरीत जमवतात आणि एकत्रच पुढे हलवतात. तिथे सततच्या अपडेटांची एकच धारा असल्यामुळे आणि अर्धवट अपडेटला आधार नसल्यामुळे स्थिर शाखेचा प्रश्नच उद्भवत नाही, मात्र एयूआर या वापरकर्त्यांनी चालवलेल्या संग्रहातून स्वतः बांधलेली पॅकेजेस वापरकर्त्याला स्वतःच पुन्हा बांधावी लागतात. रीबिल्ड-डिटेक्टर हे साधन ती शोधून देते.

चुकलेच तर

अपडेट चाचणीत असेपर्यंत ते मागे घेता येते, आणि एकही नेमकी तक्रार आली तरी ते मागे घ्यावे. पसंतीची बेरीज अजून शून्याच्या वर आहे असा हिशेब करू नये. स्थिर रेपॉझिटरीत गेल्यावर मागे घेण्याचा मार्ग उरत नाही, कारण ज्यांनी ते बसवले त्यांची यंत्रे आपोआप खालच्या आकड्याकडे येत नाहीत. राहिलेले पॅकेज रिलीज क्रमांक वाढवून लगेच बांधावे आणि अपडेटच्या वर्णनात कारण लिहून चाचणी करणाऱ्यांना पसंतीची विनंती करावी. ते पॅकेज नव्या लायब्ररीवर बांधलेच जात नसेल, तर जुन्या सोनेमची लायब्ररी आयसीयू७३ सारख्या वेगळ्या नावाच्या सुसंगतता पॅकेजमधून उपलब्ध करून द्यावी, ते पॅकेज दुरुस्त होईपर्यंत राखावे, आणि ते कधी काढणार याची तारीख त्याच दिवशी स्पेक फाइलमध्ये टिपून ठेवावी.